काचेमागे कोण बसणार?

खान्देशात 'विवाह आणि कुटुंब थेरपिस्ट' अशी पाटी मी आजवर कुठं पाहिलेली नाही. पाटी नाही म्हणून काम अडलंय असं मात्र नाही. लग्न जमवणाऱ्या मध्यस्थाला पहिली काही वर्षं जामीन असल्यासारखं धरतात. त्यानं हात वर केले की मुलीचा मामा, मग भाऊबंद. त्यांच्यानंही झालं नाही तर समाज. लेवा पाटीदारांची भोरगाव पंचायत आहे, तिच्या प्रमुखाला कुटुंबनायक म्हणतात आणि नवरा-बायकोचे तंटे तिथं ऐकले जातात. सातपुड्यात भिल्ल-पावरांच्या पाड्यावर पंच बसतात. तिथला हिशेब निराळा, कारण देज, म्हणजे वधूमूल्य, नवऱ्या मुलाकडून मुलीकडं गेलेलं असतं आणि मोडायचं म्हटलं की ते आधी आठवतं. एवढं सगळं झालं की पोलीस ठाणं, तिथला महिला कक्ष आणि मग कोर्ट. मधेच कुठंतरी भगत आणि झोपेच्या गोळ्या लिहून देणारा डॉक्टर. या रांगेत मी महिला समुपदेशन केंद्राच्या टेबलाशी बसते. माझ्यापर्यंत माणसं येतात तेव्हा मामाचं बोलून झालेलं असतं आणि मामा सोबतच आलेला असतो.

माझी भाची अमळनेरची. मानसशास्त्र घेऊन बी.ए. झाली आणि तिनं जाहीर केलं की तिला मॅरेज अँड फॅमिली थेरपीच शिकायचीय. तिचे पप्पा, म्हणजे माझे भाऊजी, चहाचा कप खाली ठेवून म्हणाले, "सोताच्या लग्नाआधी जगाच्या लग्नाची डॉक्टर?" सगळे हसले, तीही हसली, पण मोबाईल माझ्या हातात देऊन गेली. त्यात अमेरिकेतल्या विद्यापीठांची माहितीपत्रकं होती. हिरवळ, विटांच्या इमारती आणि प्रत्येक फोटोत हसणारं एक कुटुंब. माझ्या टेबलासमोर हसणारं कुटुंब आलं तर मी केसपेपर काढतच नाही, पण ते असो.

त्या माहितीपत्रकांत सांगण्यासारखं पुष्कळ होतं, फक्त ते फोटोंच्या खाली बारीक अक्षरात होतं. तिकडं हा स्वतंत्र धंदा आहे. विवाह समुपदेशकांची त्यांची संघटना १९४२ सालापासून आहे. अभ्यासक्रम तपासून मान्यता देणारी वेगळी संस्था आहे, कोआम्फ्टी म्हणतात तिला. परवाना देतं ते राज्य, देश नव्हे. एका राज्यात शिकून दुसऱ्या राज्यात बस्तान मांडायचं तर तिथले नियम पुन्हा बघावे लागतात. कॅलिफोर्नियात परवान्याआधी अनुभवी माणसाच्या देखरेखीखाली ३,००० तास काम करावं लागतं आणि ते किमान १०४ आठवड्यांत पसरलेलं असावं लागतं. काही तास शिकतानाच जमा होतात, पण बराचसा भाग पदवीनंतरचा. आता विद्यार्थी व्हिसावर गेलेल्या मुलीला पदवीनंतर काम करायला साधारण बारा महिने मिळतात. विज्ञान-तंत्रज्ञानाच्या मुलांना जी जादा मुदत मिळते ती या विषयाला सहसा लागू होत नाही. म्हणजे लाखांनी फी भरायची आणि परवान्याच्या अर्ध्या वाटेवर विमान पकडायचं, ही शक्यता खरी आहे. आणि तिथला परवाना मिळालाच, तरी तो जळगावात दाखवून काही होत नाही, कारण आपल्याकडं या नावाचा परवानाच नाही.

हे सांगितल्यावर तिचा चेहरा उतरला. मी म्हटलं, अगं, जाऊ नको असं मी म्हणत नाहीये. तिकडंच राहायचं, तिकडच्याच कुटुंबांबरोबर काम करायचं असं ठरवून गेलीस तर यासारखं शिक्षण नाही. परत येऊन इथं बसायचं असेल तर मग इथल्या खोलीचा विचार आधी कर.

इथली खोली म्हणजे काय ते सांगते. नवरा-बायकोला बोलावलं की जीपभर माणसं येतात. परवाचीच घ्या. ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत. शिंदखेडा तालुक्यातली सून, नवरा सुरतेला लूमवर, लिंबायतला खोली करून राहतो, महिन्या-दोन महिन्यांनी येतो. आमच्याकडच्या कितीतरी घरांचा निम्मा संसार सुरतेत आणि निम्मा गावात असतो. तक्रार सुनेची, पण खुर्चीवर बसले सासरे, दीर आणि सुनेचा मामा. सासू भिंतीला टेकून खाली. सून दारात, अर्धी आत अर्धी बाहेर, पदराचं टोक बोटाला गुंडाळत. नवरा खिडकीशी, मोबाईलवर बोटं फिरवत. मी सुनेला विचारलं, "तुला काय वाटतं?" उत्तर दिलं दिरानं. पुन्हा विचारलं, तर मामानं. तिसऱ्यांदा विचारल्यावर ती एवढंच म्हणाली, "त्यासले इचारा." त्यासले म्हणजे नवऱ्याला. आणि ते बोलत नव्हते.

मग मी पाणी सांगितलं. स्टीलचे पेले आले, ते घ्यायला माणसं हलली आणि त्या गडबडीत मी मामांना आणि दिराला बाहेरच्या बाकावर बसायची विनंती केली. सासूला खुर्ची दिली. सून आणि नवरा शेजारी नाहीत, पण एकमेकांना दिसतील असे बसले. सासू पहिल्यांदा बोलली ती मुलाला उद्देशून, "तू रोज मले फोन करस, तिले नही." मुलानं मोबाईल उपडा ठेवला. सासू-सुनेचं भांडण म्हणून आलेल्या त्या प्रकरणात सुरतेहून येणारा रोजचा फोन कुणाला येतो हा मुद्दा होता, आणि तो सासूच्याच तोंडून निघाला.

साल्वादोर मिनुचिन या अर्जेंटिनात जन्मलेल्या आणि पुढं फिलाडेल्फियात काम केलेल्या डॉक्टरनं हेच शास्त्रशुद्ध केलं. कोण कुणाशेजारी बसतो, कोण कुणाच्या वतीनं बोलतो, हे बघायचं आणि तिथल्या तिथं बदलायचं. मरे बोवेन हा अमेरिकेतला कुटुंब थेरपीचा जाणकार म्हणायचा की दोघांत ताण वाढला की ते तिसऱ्याला ओढून घेतात आणि त्रिकोण होतो. सुरतेतला मुलगा, गावातली आई आणि दारात उभी सून, याहून सरळ त्रिकोण पुस्तकातही सापडणार नाही. पण पुस्तकात वाचलेला त्रिकोण जीपभर माणसांत ओळखायला आणि पाण्याचे पेले नेमके कधी मागवायचे ते कळायला वर्षं जातात. ती वर्षं कुणाच्या नजरेखाली गेली यावर पुढचं सगळं ठरतं.

म्हणून भाचीला मी सांगितलं की कोर्सचं नाव बघू नको, काचेमागे कोण बसणार ते विचार. कुटुंब थेरपीच्या शिक्षणात ही काच फार जुनी. खोलीत शिकाऊ थेरपिस्ट आणि कुटुंब, भिंतीत एकाच बाजूनं दिसणारी काच, पलीकडं गुरू आणि बाकीचे विद्यार्थी. काही ठिकाणी खोलीत फोन असायचा. तुम्ही भरकटलात की तो वाजायचा आणि पलीकडून सांगायचे, बापाला गप्प करू नका, त्याला विचारा. १९८५ साली नॉर्वेतल्या ट्रॉम्सो इथं टॉम अँडरसन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी हा प्रकार उलटा केला. दिवा आणि आवाज काचेमागच्या खोलीकडं वळवला आणि कुटुंबाला म्हटलं, आता तुम्ही बसा, आमची चर्चा ऐका. आमच्याकडं काच नसते, पण आपल्याविषयी चाललेली चर्चा ऐकत बसायची सवय मात्र प्रत्येक सुनेला असते. ती टीम ओट्यावर बसलेली असते आणि तिला दिवा-बिवा काही लागत नाही.

गंमत जाऊ द्या. इथल्या अभ्यासक्रमांत काच असेल-नसेल, रेकॉर्डिंग ऐकणारा, केस मांडून घेणारा, आठवड्याला वेळ देणारा माणूस हवा. हल्ली दीडशे-दोनशे तासांच्या ऑनलाइन इंटर्नशिपचं प्रमाणपत्र पैसे भरून मिळतं. असं प्रमाणपत्र घेऊन आलेली मुलं मी पाहिलीत. त्यांना शब्द सगळे येतात, पण नवरा टेबलावर हात आपटतो तेव्हा ती माझ्याकडं बघतात. त्यांची चूक नाही. त्यांच्यामागं कधी कुणी बसलंच नव्हतं.

आता इथं काय काय आहे? नावात 'फॅमिली थेरपी' असलेला एम.एस्सी. इग्नूनं दूरस्थ पद्धतीनं वर्षानुवर्षं चालवला आणि नोकरी करणाऱ्या कितीतरी बायांना तो सोयीचा होता. पण २०२५ साली यूजीसीनं मानसशास्त्रासकट आरोग्याशी जोडलेले विषय दूरस्थ आणि ऑनलाइन शिकवायला मनाई केली. त्यामुळं कुठल्याही दूरस्थ कोर्सचे पैसे भरण्याआधी यंदाच्या सत्राची मान्यता लेखी बघावी, एजंटच्या शब्दावर जाऊ नये. बेंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेत कुटुंबांसाठी वेगळं फॅमिली सायकिॲट्री केंद्र आहे, कुटुंबं तिथं राहून उपचार घेतात. मनोसामाजिक कार्याचं आणि क्लिनिकल सायकॉलॉजीचं तिथलं प्रशिक्षण म्हणजे कुटुंबाबरोबर बसायची देशातली सगळ्यात कसून तालीम, असं माझं मत. भुसावळहून कर्नाटक एक्सप्रेस थेट जाते, हे मी भाऊजींच्या कानावर मुद्दाम घातलं. जागा मोजक्या आणि स्पर्धा जबर. शिवाय या प्रशिक्षणाच्या एम.फिल. पदवीचे नियम सध्या बदलताहेत, तेव्हा ज्या वर्षी अर्ज कराल त्या वर्षीचंच माहितीपत्रक खरं.

मुंबईचं टिस, म्हणजे टाटा समाजविज्ञान संस्था, १९३६ पासूनचं. १९८४ साली तिथल्या लोकांनी मुंबई पोलीस आयुक्तालयात महिला आणि मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. पोलीस ठाण्याच्या आवारात, पण खाकी नसलेलं टेबल. पुढं राज्यभर असे कक्ष झाले. माझ्यासारख्या कितीजणींचं टेबल त्याच कल्पनेतून आलंय. टिसचे प्रवेश आता सीयूईटी-पीजी या देशपातळीवरच्या प्रवेश परीक्षेतून होतात. पुण्यात कर्वे समाजसेवा संस्था आहे, मुंबईत निर्मला निकेतन आहे. आणि घराजवळ म्हणाल तर आपलं कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ. जळगाव, धुळे, नंदुरबार हे त्याचं कार्यक्षेत्र. तिथं फॅमिली थेरपी या नावाची पदवी नसली तरी मानसशास्त्रात एम.ए. करता येतं, समाजकार्याची पदवी घेता येते आणि शिकता शिकता अहिराणी बोलणाऱ्या माणसांसमोर बसता येतं. ही शेवटची गोष्ट लोक जमेत धरत नाहीत. मी धरते.

मानसशास्त्र की समाजकार्य, यावर घरात फार वाद झाला. भाचीला सायकॉलॉजिस्ट म्हणवून घ्यायला आवडलं असतं. मी समाजकार्यवाली, तेव्हा माझं पारडं कुणीकडं झुकणार ते उघड आहे, तरी कारण सांगते. १९८४ च्या कौटुंबिक न्यायालय कायद्यात समुपदेशकांची तरतूद आहे आणि वाद आधी समजुतीनं मिटतो का ते बघायची जबाबदारी कायद्यानं कोर्टावरच टाकलीय. महाराष्ट्रात विवाह समुपदेशकाच्या जाहिराती बघितल्या तर समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी आणि कुटुंबांबरोबर कामाचा अनुभव मागितलेला दिसतो. दवाखान्यात क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून बसायचं तर भारतीय पुनर्वसन परिषदेची नोंदणी लागते, त्याचा रस्ता वेगळा आणि लांब. २०२१ च्या कायद्यानं मानसशास्त्रज्ञ, समुपदेशक आणि समाजकार्यकर्ते यांना आरोग्य व्यावसायिकांच्या यादीत घेतलंय, त्याचे नियम बसतील तसं चित्र स्पष्ट होईल. तोवर आधी काम कुठं करायचं ते ठरवावं आणि मग त्या जागेची जाहिरात उघडून पात्रता वाचावी. आमच्याकडं बहुतेक जण उलटं करतात.

पगाराचंही बोलून टाकते. कक्षातलं काम बहुधा मानधनावर, कराराचं, आणि मानधन वेळेवर येईलच असं नाही. भाऊजींना हे मी लपवलं नाही.

एका बाबतीत मात्र मी हट्ट धरला. अभ्यासक्रमात घरातल्या मारहाणीविषयी काय शिकवतात ते बघ, आणि ते शेवटच्या आठवड्यात एका तासात उरकत असतील तर तो कोर्स सोड. दोघांना समोरासमोर बसवून "दोघांचंही थोडं थोडं चुकलं" म्हणणं भांडणात चालतं. जिथं एक जण दुसऱ्याला मारतो तिथं तेच वाक्य घातक ठरतं, कारण बाईनं खोलीत जे सांगितलं त्याची किंमत ती घरी जाऊन मोजते. सगळं घर मिळून प्रश्न तयार करतं, या कुटुंब थेरपीच्या लाडक्या विचारात सत्ता कुणाच्या हातात आहे हे झाकलं जातं, असं रेचेल हेअर-मस्टिन यांनी १९७८ सालीच अमेरिकेत लिहिलं होतं. आपल्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या २००६ च्या नियमांत तर स्पष्ट आहे की समुपदेशनात नवऱ्याला मारण्याचं समर्थन करू द्यायचं नाही. "ती उलट बोलली म्हणून" हे कारण ऐकूनच घ्यायचं नाही. किती कोर्समध्ये हा नियम वाचून दाखवतात? भाचीनं दोन विभागांना ईमेल करून विचारलं. एकीकडून माहितीपत्रक परत आलं. दुसरीकडच्या बाईंनी फोन करून तिलाच उलट विचारलं, "तुम्हाला हा प्रश्न का पडला?" मला त्या बाई आवडल्या.

याच सगळ्यात तिला मी एक घरचा अभ्यास दिला होता, कारण बऱ्याच ठिकाणी मुलाखतीत किंवा पहिल्या सत्रात तो करून घेतातच. जिनोग्राम. तीन पिढ्यांचा घराचा नकाशा. पुरुषाला चौकोन, बाईला गोल, लग्नाची आडवी रेघ, मुलांच्या उभ्या रेघा. भांडण असेल तर नागमोडी रेघ, संबंधच तुटले असतील तर मधे तोडलेली. कागद भरला. मग ती तिच्या आजोबांवर आणि त्यांच्या धाकट्या भावावर येऊन अडली. विहिरीच्या वाटणीवरून त्यांचं बोलणं बंद आहे, ती जन्मायच्या आधीपासून. तिनं तुटलेली रेघ काढली आणि लगेच खोडली. कारण दर श्रावणात, नागपंचमीनंतर कानबाई, आमची खान्देशातली देवी, बसते तेव्हा दोन्ही घरं एकत्र येतात. तिच्या नैवेद्याच्या रोटाचे गहू मोजताना घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं मोजले जातात, त्यात त्या भावाचंही नाव असतं. रोट भाऊबंदांतच संपवायचा, बाहेर द्यायचा नाही. दोघं एका पंगतीत बसतात, एकमेकांकडं न बघता जेवतात, विसर्जनाला एकाच चालीनं चालतात आणि दुसऱ्या दिवसापासून पुन्हा बोलणं बंद.

"मावशी, याला कुठली रेघ?" तिनं विचारलं.

पुस्तकात त्याची खूण नाही. मी म्हटलं, हा कागद असाच मुलाखतीला घेऊन जा आणि तिथं हाच प्रश्न विचार. जो शिक्षक उत्तर द्यायची घाई करील त्याच्याबद्दल सावध राहा. जो खुर्ची पुढं ओढून "रोट कोण भाजतं?" असं विचारील, त्याच्याकडं शीक.

तिच्या आजीला हा कागद अजिबात रुचला नाही. "घरनी गोट घरमाच ऱ्हावाले जोयजे," म्हणून तिनं तो गादीखाली सारला. आजीला मी नावं ठेवणार नाही. मरे बोवेननंही १९६७ साली जाणकारांच्या सभेत स्वतःच्याच घरातल्या त्रिकोणांची कहाणी मांडली आणि ती छापायची वेळ आली तेव्हा लेखावर आपलं नाव घातलं नाही. एवढा मोठा माणूस, अमेरिकेतला, आणि त्यालाही घरचे काय म्हणतील ते होतंच. थेरपिस्टनं आधी स्वतःच्या घराकडं बघावं हा त्याचा आग्रह होता आणि मला तो पटतो. कोर्समध्ये त्यासाठी जागा ठेवलीय का, आणि विद्यार्थ्यानं सांगितलेलं वर्गाबाहेर जाणार नाही याची काय व्यवस्था आहे, हेही विचारायला हवं. अमळनेरची बातमी पारोळ्याला पोचायला किती वेळ लागतो ते आम्हाला ठाऊक आहे.

भाषेचं राहिलंच. सगळी शिकवणी इंग्रजीत. वर्गात एक मुलगी बायको होते, एक नवरा आणि दोघं इंग्रजीत आपापल्या भावना सांगतात. त्याचा उपयोग नाही असं नाही. पण ज्या बाईनं आयुष्यात नवऱ्याचं नाव घेतलेलं नाही, जी दुःख विचारलं तर "डोकं दुखतं, अन्न जात नाही" एवढंच सांगते, तिच्यासमोर तो सराव अपुरा पडतो. म्हणून प्रात्यक्षिकाचे निदान काही तास खान्देशात करू देतील का, असा प्रश्न भाचीच्या यादीत मी माझ्या अक्षरात लिहिला. फोन करणाऱ्या त्या बाई म्हणाल्या, मार्गदर्शक पात्र असेल तर बघता येईल. मार्गदर्शक पात्र म्हणजे मीच, असं भाचीनं परस्पर सांगून टाकलं. माझी कागदपत्रं आता मला शोधावी लागणार.

सध्या एक अर्ज मुंबईचा, एक पुण्याचा आणि एक इथला असं ठरलंय. बेंगळुरू पुढच्या टप्प्याला. अमेरिकेचे फोटो मोबाईलमधून अजून काढलेले नाहीत, काढूही नयेत. भाऊजींचा विरोध मावळलाय, फक्त शिकून झाल्यावर खोली कुठं घ्यायची यावर त्यांचं आणि माझं जमत नाही. ते म्हणतात जळगावात, बसस्टँडजवळ, म्हणजे चार पेशंट येतील. मी म्हणते दोंडाईचा. सुरतेची गाडी तिथं थांबते.